टपालात अडकलेली राणी

पोस्टाच्या दारावर नवा कागद चिकटला, त्या दिवशी राणीकाकू तिथे गेल्या होत्या त्या फक्त तिकिटं आणायला. कागद भला मोठा आणि अक्षर मुंगीएवढं. काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. पहिल्या तारखेपासून दर वाढणार हे त्यांच्या कानावर आलंच होतं. त्याचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. पण खालच्या एकेका ओळीवर त्यांचं बोट थबकायला लागलं. रजिस्टर टपाल बंद, ते यापुढे जलद टपालातच धरलं जाईल. पाकिटाचा दर नुसत्या वजनावर नाही, जाडीवरही. लहान गावांत वाटप रोज नाही, एक दिवसाआड. शनिवारी तर नाहीच. आणि इथलं टपाल इथे न निवडता आधी शहरातल्या सॉर्टिंग सेंटरला जाणार, मग पुढे. अगदी तळाशी एक ओळ होती: सजीव वस्तू पाठवणाऱ्याच्या जबाबदारीवर.

"सजीव, आणि वस्तू!" काकू मोठ्याने म्हणाल्या.

"काकू, मी नाही हं लिहिलं ते," काउंटरवरची मुलगी आतून म्हणाली. "वरून आलंय."

राणीकाकू हे नाव पोस्टातल्यांनीच ठेवलेलं. वीस वर्षं काकू टपालाने राण्या पाठवत होत्या. राणी म्हणजे मधमाश्यांची. घरामागच्या आवारात सासऱ्यांच्या आठ पेट्या होत्या. लग्न होऊन आल्यावर पहिलं वर्षभर या बाईने मागचं दार उघडलं नव्हतं, इतकी ती माश्यांना भ्यायची. मग सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. राणी तयार करायची तर एक दिवसाची अळी, स्वल्पविरामापेक्षा बारीक, ब्रशच्या टोकाने उचलून मेणाच्या वाटीत ठेवावी लागते. म्हाताऱ्याने हाक मारली, "सूनबाई, तुझे डोळे दे जरा तासभर." तो तास काही संपला नाही. सासरे गेले, पेट्या आठाच्या तीस झाल्या, आणि काकूंच्या राण्या लांबलांबच्या गावांना जायला लागल्या.

पेटीतली राणी मेली की ती पेटी पोरकी होते. मग मालक काकूंना पत्र लिहायचा आणि काकू राणी धाडायच्या. काका शाळेत सुतारकाम शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ते डब्या करून द्यायचे. काडेपेटीएवढी लाकडी डबी, एका अंगाला बारीक जाळी. आत राणी आणि तिच्या दिमतीला सहा कामकरी माश्या. एका टोकाला पिठीसाखर आणि मध मळून केलेलं बूच. वाटेत कामकरी माश्या ते खातात आणि राणीला भरवतात. भोकं पाडलेल्या पाकिटात डबी घालायची आणि सोमवारी सकाळी पोस्टात द्यायची, की बुधवारी, फार तर गुरुवारी मुक्कामाला. तीन दिवस हा काकूंचा हिशेब. चौथा दिवस काळजीचा. पाचव्या दिवसाचा विचार त्या करत नसत. इतक्या वर्षांत वाटेत मेलेल्या राण्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण त्या सगळ्या त्यांना आठवायच्या, कुठे जात होत्या त्यासकट.

नवे दर लागू व्हायला आठवडा होता, तेव्हा नर्सबाईंचं पत्र आलं. या नर्सबाई लांब डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यात नोकरी करत आणि मागच्या पडवीत सहा पेट्या पाळत. तिकडे फोनला रेंज नाही, त्यामुळे अकरा वर्षं सगळं पत्रांवर चाललेलं. लसीकरणाच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर त्या लिहायच्या. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"राणीताई," त्यांनी लिहिलं होतं, "चार नंबरच्या पेटीत अंडी दिसत नाहीत. दहा दिवस झाले असावेत, नक्की सांगता येत नाही, इथे गोवरची साथ होती आणि मला बघायला सवड झाली नाही. माश्या पेटीत नुसत्या येरझाऱ्या घालतात. माझी सगळ्यात चांगली पेटी आहे हो ती. लवकर पाठवा."

काकूंकडे राणी तयार व्हायला अजून पाच-सहा दिवस होते. म्हणजे पाठवायचा सोमवार बरोबर नव्या महिन्यातला पहिला.

"पहिल्याच आठवड्यात नको," काका म्हणाले. "सगळं नवीन आहे. जरा बसू दे त्यांचं बस्तान."

"त्यांचं बस्तान बसेपर्यंत नर्सबाईंचं उठेल. राणी नसली की तीन आठवड्यांत कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात. मग नवी राणी दिली तरी तिला मारून टाकतात. माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. म्हणून नको म्हणतोय. अडकली तर?"

काकांचं चूक नव्हतं आणि काकूंचंही नव्हतं. पाठवली तर वाटेत मरायची भीती, नाही पाठवली तर तिकडची पेटी हातची जायची. रविवारभर काकू याच विचाराने घरात इकडून तिकडे करत राहिल्या आणि सोमवारी सकाळी पाकीट घेऊन पोस्टात गेल्या.

काउंटरवर एक नवीन वस्तू आली होती: मधोमध फट असलेली प्लास्टिकची पट्टी. फटीतून पाकीट गेलं तर पत्र, नाही तर जाड वस्तू. काकूंचं पाकीट अर्ध्यात अडकलं.

"जरा दाबू का?" मुलीने विचारलं.

"अगं, दाबू नकोस! जीव आहे आत!"

मुलीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग तिने दरपत्रक उघडलं, पुढून मागून पाहिलं. "जाड वस्तूंचं पान दुसरं आहे. ते अजून आलंच नाही आमच्याकडे. जलद टपालाचा साधा दर लावते. एवढाच असेल."

"असेल की आहे?"

"असेल, काकू. मी तरी काय करू?"

काकूंनी तिकिटं लावली, पावती घेतली. पाकिटावर 'जिवंत माश्या, उन्हात ठेवू नये' असं दोन्ही बाजूंनी लाल पेनने लिहिलं आणि त्या घरी आल्या. 'असेल' हा शब्द मात्र पायात काटा मोडावा तसा त्यांच्या मनात राहिला.

सोमवारी संध्याकाळी काकांच्या फोनवर पावतीचा नंबर घातला, तर 'स्वीकारले' असं आलं. मंगळवारी 'सॉर्टिंग सेंटरला पोहोचले'. काकूंना जरा बरं वाटलं. बुधवारी तेच. बुधवारी दुपारी तेच, संध्याकाळीही तेच. गुरुवारी सकाळी काकूंनी इतक्या वेळा नंबर घातला की काका म्हणाले, "सारखं विचारून ती काही हलणार नाही तिथून."

"तुम्ही बसा शांत. तुमचं बरं आहे."

पण जेवताना काकांचंही लक्ष फोनकडेच होतं. त्या आठवड्यात ऊन कडक होतं. काकूंनी एक रिकामी डबी पाकिटात घालून खिडकीत ठेवली. दर तासाला त्या ती गालाला लावून बघायच्या, किती तापते. दुपारी ती इतकी तापली की त्यांनी घाईने उचलून सावलीत ठेवली, जणू आत कुणी होतं. पेट्या उघडायला गेल्या तर हात घाईघाईत चालले. माश्यांना ते लगेच कळतं. मनगटावर दोन डंख घेऊन त्या परत आल्या. दहा वर्षांत असं झालं नव्हतं.

मग त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. वीस मिनिटं संगीत वाजलं, आणि एका तरुणाने नंबर विचारला.

"मॅडम, आपली वस्तू प्रक्रियेत आहे."

"वस्तू नाही हो, राणी आहे ती."

"कुणाची राणी, मॅडम?"

काकूंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं बिचाऱ्याने, आणि म्हणाला, "तक्रार नोंदवतो. सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर येईल."

काकूंनी फोन ठेवला. सात दिवस! एखाद्याला बुडताना बघून दोर विकत आणायला निघावं, तसं झालं हे. "उद्या मी जाते तिकडे," त्या म्हणाल्या.

"सॉर्टिंग सेंटरला? आत घेतील तुला?"

"बाहेर उभी राहीन."

सकाळी पहिल्या बसच्या वेळी काकांनी एक नवी डबी, औषधाचा ड्रॉपर आणि पाण्याची लहान बाटली कापडात बांधून काकूंच्या पिशवीत ठेवली. "लागलं तर," ते म्हणाले.

बसमध्ये बसायला जागा होती, पण काकूंना टेकून बसता येईना. आज पाचवा दिवस. मेली असेल तर नर्सबाईंना काय लिहायचं, याची वाक्यं आपोआप मनात तयार व्हायला लागली. काकूंनी ती झटकली, की पुन्हा तीच.

सॉर्टिंग सेंटर म्हणजे गोदामासारखी भली लांब इमारत. लोखंडी दारातून आतला पट्टा दिसत होता. त्यावरून पाकिटं सरकत होती. दोन्ही बाजूंनी माणसं ती उचलून निळ्या टबांत टाकत होती. एका कोपऱ्यात पत्रांचा कमरेएवढा ढीग. प्रत्येकावर लाल शिक्का: अपुरे तिकीट. जुन्या दराची तिकिटं लावून लोकांनी पेटीत टाकलेली सगळी पत्रं तिथे साठली होती. आपण एकट्या नाही, हे काकूंना त्या ढिगाने सांगितलं. पण त्यात समाधान कसलं.

दाराशीच पर्यवेक्षक साहेबांचं टेबल होतं. साहेबांचे डोळे चार दिवस झोप न मिळालेल्या माणसाचे होते.

"आत यायला परवानगी नाही, बाई. तक्रार ऑनलाइन करा."

"केली. सात दिवस लागतात. माझ्याकडे एकही नाही." काकूंनी पावती पुढे केली. "माश्यांचं पाकीट आहे. मधमाश्यांचं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पट्ट्याजवळची एक जाडजूड बाई मान वळवून म्हणाली, "साहेब, ते गुणगुणणारं पाकीट! मागच्या गॅलरीतलं!"

"ते तुमचं होय?" साहेब म्हणाले. "अहो, मंगळवारी टबातून आवाज आला तर चार माणसं कामावरून पळाली माझी. तिकीटही कमी होतं. ठेवलंय बाजूला. तुम्हाला सूचना पाठवलीय ना, उरलेली रक्कम भरा म्हणून."

"कधी?"

"मंगळवारीच. टपालाने."

"आमच्याकडे आता एक दिवसाआड वाटप असतं."

साहेबांनी छताकडे पाहिलं आणि उठले.

मागच्या गॅलरीत एक लोखंडी बादली पालथी घातलेली होती आणि तिच्यावर वीट. बादलीवर ओलं गोणपाट टाकलेलं होतं. ती जाडजूड बाई मागोमाग आली होती. "गोणपाट मी टाकत होते दुपारी," ती ओशाळून म्हणाली. "हात लावायचं धाडस नाही झालं, पण लाल अक्षर वाचलं होतं. उन्हात ठेवू नये. म्हटलं, आत कुणीतरी आहे."

काकूंनी वीट उतरवली. पाकीट उचललं. आवाज नव्हता. त्या तिथेच फरशीवर बसल्या. पाकीट फाडायला त्यांना बराच वेळ लागला. जाळीच्या आत तीन कामकरी माश्या उताण्या पडलेल्या. उरलेल्या तिघींपैकी दोन एका कोपऱ्यात, एक बुचाला चिकटून. आणि त्यांच्यामध्ये राणी, पाठीवर काकूंनीच लावलेला पांढरा ठिपका. हलत नव्हती.

काकूंनी ड्रॉपरने जाळीवर पाण्याचा एक थेंब सोडला. साहेब आणि ती बाई वाकून बघायला लागले. बुचाजवळची कामकरी माशी आधी सरकली. ती पाणी प्यायली आणि राणीकडे गेली. दोघींच्या मिश्या एकमेकींना लागल्या. मग राणीने एक पाय उचलला.

"आहे!" ती बाई ओरडली. काकूंनी आणखी एक थेंब सोडला.

साहेब मोकळे झाले. "चला, झालं तर. उरलेलं तिकीट लावा, संध्याकाळच्या गाडीने पाठवतो."

"पोचेल कधी?"

साहेब बोटं मोजायला लागले. "शनिवारी वाटप नाही. रविवार. त्या भागाचा वार आहे मंगळवार."

"मंगळवार! साहेब, माझं पाकीट मला परत द्या."

"तसं देता येत नाही. ज्या कचेरीत दिलं तिथे अर्ज करावा लागतो."

काकूंनी डबी छातीशी धरली. साहेबांनी एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. मग खिशातून कागद काढला. "पाकिटावरचं अक्षर तुमचंच का? लिहून दाखवा पत्ता." काकूंनी लिहिला. साहेबांनी कागद आणि फाडलेलं पाकीट शेजारी धरले, वहीत काहीतरी खरडलं आणि सही घेतली. "जा," ते म्हणाले. "आणि पुढच्या वेळी दुसरं पान बघून तिकीट लावा."

डोंगराकडे दोन बस बदलून पाच तास. कामकरी माश्या तीनच उरल्या होत्या, त्याही थकलेल्या. काकूंनी डबी रुमालात धरून पदराच्या सावलीत ठेवली आणि दर अर्ध्या तासाला एक थेंब पाणी. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "औषध आहे का?" काकूंनी खरं सांगितलं. पुढच्या थांब्यावर ते उठून मागे जाऊन बसले. प्रत्येक वळणाला, प्रत्येक फाट्यावर बस थांबली की काकूंना वाटे, ड्रायव्हरला हात जोडावेत. चार वाजता दवाखाना आला.

आत एक उंच, सडसडीत बाई बाळाचं वजन करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "काय होतंय, मावशी?"

"मला काही होत नाही. राणी आणलीय."

बाळ आईच्या हातात देऊन नर्सबाई वळल्या. दोन पावलं पुढे आल्या, थांबल्या. "राणीताई?" मग तोंडावर हात. "अगंबाई! पत्रात तुम्ही जाड वाटायच्या हो!"

काकू हसल्या, पाच दिवसांत पहिल्यांदा, आणि लगेच म्हणाल्या, "आधी चार नंबर दाखवा."

पेटीतली पोळ्याची चौकट उजेडात धरल्याबरोबर काकूंना कळलं. एकेका षट्कोनी घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी, कशीही कडेला चिकटवलेली. कामकरी माश्यांनी अंडी घालायला सुरुवात केली होती.

नर्सबाईंनाही दिसलं. "उशीर झाला ना?"

"झाला."

"मंगळवारी-बुधवारी आली असती तर?"

काकूंनी चौकट जागेवर ठेवली. "सांगता नाही येत. कदाचित तेव्हाही झालेला असेल." हे त्यांनी खरं तेच सांगितलं, पण त्या प्रश्नाने पुढे कित्येक दिवस त्यांची पाठ सोडली नाही.

चार नंबरला राणी देणं म्हणजे तिला मरायला धाडणं. दोघींनी मिळून दोन नंबरच्या भरलेल्या पेटीतून अळ्या आणि माश्यांसकट तीन चौकटी काढल्या, एका रिकाम्या पेटीत लावल्या आणि मध्ये डबी टांगली. बूच बाहेरून कुरतडायला माश्यांना दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात राणीच्या वासाची सवय झाली तर ठीक. चार नंबरच्या माश्या दुसऱ्या दिवशी सकाळी झटकून दिल्या. ज्यांना शिरता आलं त्या शेजारच्या पेट्यांत शिरल्या. नर्सबाईंची सगळ्यात चांगली पेटी अशी संपली. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि दवाखाना उघडायला गेल्या.

नव्या पेटीचं काय झालं हे न कळताच काकू घरी परतल्या. मागोमाग अपुऱ्या तिकिटाची सूचना आली, वरातीमागून घोडं. काकांना हसू आलं, काकूंना नाही. मग पुन्हा वाट बघणं. आज पोस्टमनचा वार आहे की नाही, हे कॅलेंडरवर खुणा करून ठेवावं लागे. नर्सबाईंचं पत्र अकराव्या दिवशी आलं. काकूंनी ते दारातच उभ्याने फोडलं.

"अंडी दिसली, राणीताई. एका घरात एकच, मधोमध, सरळ उभं. मी भिंग लावून तीनदा पाहिलं."

काकूंनी ते काकांना वाचून दाखवलं, पुन्हा एकदा वाचलं आणि खुर्चीवर बसून घेतलं.

त्यानंतर त्यांनी लांबच्या सगळ्यांना पत्रं लिहिली: यापुढे टपालाने राणी पाठवणार नाही, येऊन न्या, नाही तर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर मागवा. आणि स्वतः करून बघायची असेल तर कृती खाली दिली आहे. ज्या हाताने अळ्या उचलल्या त्याच हाताने त्यांनी अळी कशी उचलायची ते चित्रं काढून समजावलं. पुष्कळांनी उत्तर दिलं नाही. नर्सबाईंची पहिली खेप फसली, दुसरी जमली. काकूंना त्याचा आनंद झाला, आणि एक माणूस आपल्याकडून सुटलं हेही त्यांना कळलं. राण्या करायच्या पेट्या तिसाच्या बारा झाल्या. काका डब्या कमी आणि शेजाऱ्यांची स्टुलं जास्त करायला लागले.

जवळच्या चार-पाच गावांना मात्र काकू अजून पोस्टानेच पाठवतात. दरपत्रकाचं दुसरं पान मुलीने त्यांना झेरॉक्स काढून दिलंय. परवाच्या सोमवारी त्यांनी दोन राण्या धाडल्या. बुधवारी दुपारी एकीच्या गावाहून फोन आला, पोचली, ठणठणीत आहे. काकूंनी फोन खाली ठेवला नाही. तो हातात धरून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, दुसरीच्या फोनची वाट बघत.